मृत्युपत्राची रंगीत तालीम

वकीलबाईंनी मृत्युपत्र वाचून दाखवलं, कागद जुळवून टेबलावर ठेवले आणि सहीसाठी पेन पुढे केलं. शिट्टीसाहेबांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि विचारलं, "याची चाचणी कधी घ्यायची?"

मृत्युपत्राबद्दल वकीलबाईंनी आजवर नाना प्रश्न ऐकले होते. मुलाला कळेल का, जावयाला कळेल का, कुत्र्याच्या नावानं काही ठेवता येईल का. चाचणीचं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"काका, मृत्युपत्राची चाचणी नसते. ते एकदाच वापरायचं असतं."

"आग विझवायचं नळकांडंही एकदाच वापरायचं असतं. तरी आम्ही दर वर्षी एक वापरून बघायचो."

शिट्टीसाहेब हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं होतं. सगळी नोकरी त्यांनी सुरक्षा अधिकारी म्हणून केली. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ आणि मनात कायम आग लागलेली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी पहिला सराव घेतला, तेव्हा असं लक्षात आलं की संकटात बाहेर पडायच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली ज्या पहारेकऱ्याकडे आहे तो रजेवर आहे. भिंतीवरच्या नकाशात मात्र ते दार हिरव्या बाणासकट सताड उघडं होतं. तेव्हापासून कागदावरच्या कुठल्याही गोष्टीवरचा त्यांचा विश्वास उडाला. निवृत्त झाल्यावर लोक बागकामाला लागतात, साहेब इमारतीच्या मागे लागले. अधूनमधून ते जिन्यात शिट्टी फुंकायचे आणि सगळ्यांनी शिस्तीत खाली उतरून उभं राहावं अशी अपेक्षा करायचे. शिट्टी ऐकली की शेजारी दारं लावून घ्यायचे.

आता त्यांना घोर लागला होता तो आपल्या दोन मुलांचा. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, दोघंही याच शहरात, दोन टोकांना. बायको होती तोवर दोघं यायची, खायची, एकमेकांची उणीदुणी काढायची आणि जाताना डबे घेऊन जायची. ती गेल्यावर येणं कमी झालं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. दोघं एकमेकांना फोन करून "सगळं ठीक?" विचारायची, "ठीक" म्हणायची आणि ठेवून द्यायची. या गोडव्याची साहेबांना धास्ती वाटत होती, कारण ती चव त्यांच्या ओळखीची होती.

त्यांच्या वडिलांचं एक कपाट होतं. लाकडी, अवाढव्य, आणि एक दार न लागणारं. वडील गेल्यावर साहेबांनी मोठ्या भावाला विचारायच्या आधीच टेंपो आणला आणि कपाट भरायला लागले. भाऊ दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "तुला हवंय ना, ने." आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. नंतर मात्र तो बोलायचाच थांबला. पुढे भाऊही गेला, आणि कपाट साहेबांच्या हॉलमध्ये भिंत अडवून उभं राहिलं. त्यातला अर्धा भाग त्यांनी कधी वापरलाच नाही. आपल्या मुलांचं असं होऊ नये म्हणून त्यांनी घरातल्या चमच्यापर्यंत सगळं वाटून ठेवलेलं मृत्युपत्र करायला घेतलं होतं.

"भांडायला जागाच ठेवायची नाही," ते वकीलबाईंना म्हणाले. "पण जागा राहिली की नाही, हे मी गेल्यावर कळून काय उपयोग? त्यापेक्षा मी एक दिवस मरतो."

वकीलबाईंनी आधी नकार दिला. मग त्यांच्या मनात आलं की आपण इतकी मृत्युपत्रं केली, पण ती वाचली जाताना ती करणाऱ्याचा चेहरा कसा होतो हे काही कधी बघायला मिळालं नाही. त्या यायला तयार झाल्या.

मुलानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तब्येत बरी आहे ना, असं दोनदा विचारलं. मुलगी म्हणाली की असल्या अभद्र प्रकारात मी अजिबात भाग घेणार नाही, आणि मग किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.

रविवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मरायला एवढं नटायला कशाला हवं, असं मुलीच्या अगदी ओठावर आलं होतं. साहेबांनी नियम सांगितले. पहिली शिट्टी वाजली की मी मेलो. दुसरी वाजेपर्यंत मी मेलेला. मेलेला माणूस बोलत नाही, त्याला काही विचारायचं नाही, चहा द्यायचा नाही. वकीलबाई वाचतील, आणि ज्याला जे मिळेल ते त्यानं उचलून खाली न्यायचं.

"खाली?" मुलानं विचारलं. "खरंच न्यायचं?"

"मग काय मनातल्या मनात न्यायचं? ज्या सरावात कुणी जिना उतरत नाही त्याला सराव नाही, सभा म्हणतात. मी टेंपो सांगितलाय."

हॉलमधल्या खुर्च्या, टेबल, दिवाण, सगळ्यावर वारसांच्या नावाच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. बसायला काही उरलं नव्हतं. म्हणून साहेबांनी स्वयंपाकघरातून एक बुटकं स्टूल ओढलं, ते स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं, त्यावर बसून शिट्टी फुंकली आणि ते मेले.

सुरुवात छान झाली. वकीलबाईंनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. घर दोघांना सारखं. भिंतीवरचं घड्याळ मुलीला. शिवणयंत्र मुलीला. सुरक्षा मासिकाचे बांधीव अंक मुलाला. मुलानं अंकांच्या गठ्ठ्याकडे एकदा बघितलं आणि बापाकडे एकदा. बाप मेलेला असल्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

"वडिलोपार्जित कपाट," वकीलबाईंनी वाचलं, "थोरल्या मुलाला."

मुलगा घसा खाकरून बहिणीला म्हणाला, "तुला हवं असेल तर ने."

"नको, तुलाच राहू दे. तुझं घर मोठं आहे."

"मोठं कसलं. तुला कपाटांची आवड आहे."

"तसं काही नाही. खरंच ने तू."

घड्याळाचंही तेच झालं. मुलगी म्हणाली, दादाला हवं असेल तर त्यानं न्यावं. दादा म्हणाला, माझ्याकडे घड्याळं आहेत. शिवणयंत्र घेऊन मी काय करू, असं मुलगी हळूच म्हणाली, मग वहिनीला विचार म्हणाली. मासिकांसाठी तर दोघांनी एकमेकांना इतका आग्रह केला की वकीलबाईंना मध्ये पडावं लागलं. त्यांनी चष्मा वर सरकवून सांगितलं की एकानं नाकारलं तर ती वस्तू दुसऱ्याची होते, दुसऱ्यानंही नाकारली तर विकून टाकायची. मुलगा म्हणाला की मग तेच सोपं पडेल, एखाद्या भंगारवाल्याला बोलावून एकदम उचलायला सांगू. मुलगी म्हणाली, "हो, तुला बरं वाटेल तसं कर."

स्टुलावरच्या साहेबांना हे फार लागलं. त्यांनी भांडणाची सगळी तयारी केली होती. कोण कुठल्या वस्तूवर अडून बसेल, त्यावर कोणतं कलम काढायचं, सगळं वकीलबाईंशी ठरवलं होतं. आपल्या आयुष्याचं सामान कुणालाच नकोय, या शक्यतेसाठी त्यांच्याकडे एकही कलम नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, "तुला हवं असेल तर ने" असंच वाक्य त्यांनी पूर्वी भावाच्या तोंडून ऐकलं होतं. आवाजसुद्धा तोच होता, सपाट आणि सभ्य. उठून दोघांना गदागदा हलवावं असं त्यांना वाटलं, पण नियम त्यांनीच केलेले होते.

तेवढ्यात टेंपोवाला आणि त्याचा जोडीदार वर आले. टेंपोवाला जुना माणूस होता, घरं रिकामी करायचं काम त्यानं पुष्कळ केलं होतं. हॉलमधल्या चिठ्ठ्या, हातात कागद घेतलेली वकीलबाई आणि खाली मान घालून उभी असलेली भावंडं बघून त्यानं आवाज खाली आणला आणि मुलीला विचारलं, "कोण गेलं?"

"हे," मुलगी स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली.

टेंपोवाल्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब समोर बघत राहिले. मोठ्या घरांत नाना तऱ्हेची माणसं असतात, असं म्हणत टेंपोवाल्यानं कपाटाला पट्टा बांधला. मुलानं सांगितलं की सध्या फक्त खाली न्या, कुठे न्यायचं ते नंतर बघू.

कपाट जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. एक कोपरा कठड्यात रुतला, दुसरा भिंतीत, आणि न लागणारं दार उघडून आडवं पडलं. मुलगा पाठीमागून ढकलायला गेला, त्यानं ते आणखी पक्कं बसलं. खालची माणसं खाली राहिली, वरची वर.

कपाट वर आणलं तेव्हा आधी त्याची दारं बिजागऱ्यांवरून काढली होती आणि मग ते कुशीवर वळवलं होतं. ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती आणि तो मेला होता. साहेब स्टुलावर बसून जिन्यातले आवाज ऐकत होते. धाप, खरखर, टेंपोवाल्याची वाक्यं. जन्मभर ज्यानं जिन्यात कुणाची चप्पल राहू दिली नाही, त्याच्याच कपाटानं आज सबंध इमारतीची वाट अडवली होती. त्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि परत आला. सराव अर्धवट सोडायचा नाही, हाही त्यांचाच नियम होता.

वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे मास्तर राहायचे. ते शिकवणीला खाली निघाले तर वाटेत कपाट. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा टेंपोवाला कपाटाला वरून खांदा लावूनच म्हणाला, "या मजल्यावरचे म्हातारे गेले, सामान चाललंय." मास्तरांना खरोखर वाईट वाटलं. ते तसेच साहेबांच्या घरात शिरले आणि समोर आलेल्या मुलीला म्हणाले, "कळलं. फार वाईट झालं. तत्त्वाचा माणूस होता. तेवढा शिट्टीचा त्रास होता, पण असो, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. माझी शिकवणी चालू असली की मुद्दाम वाजवायचे, असं मला वाटायचं. पण असो."

एवढं बोलून त्यांनी मान वर केली, तर गेलेला माणूस स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे रोखून बघत होता. मास्तर मागे सरकले आणि हाताला लागली त्या खुर्चीवर बसले.

"मास्तर, घाबरू नका. ते आहेत," मुलगी म्हणाली. "आत्ता फक्त बोलू शकत नाहीत."

"अरेरे. झटका आला का?"

"नाही, सराव चालू आहे."

मास्तरांनी समजून मान हलवली. इतकी वर्षं खाली-वर राहिल्यावर या घराबद्दल आणखी काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

टेंपोवाला घाम पुसत आत आला. कपाटाच्या खालच्या कोपऱ्याला टेकू दिला तर ते जरा उचललं जाईल, असं त्याचं मत होतं. खुर्ची उंच पडत होती, मासिकं दबत होती. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि साहेबांच्या खाली बघितलं. "ते स्टूल चालेल. बुटकं आहे, बेताचं आहे. मोडलं तर मोडलं."

"ते नको," मुलगी म्हणाली. "दुसरं काही घ्या."

"हो, ते नको," मुलगाही म्हणाला. "ते माझ्याकडे जायचंय."

मुलगी भावाकडे वळली. "तुझ्याकडे? कशावरून?"

इथे त्या स्टुलाविषयी सांगायला हवं. साहेबांनी ते लग्नानंतर स्वतः बनवलं होतं आणि ते बघितल्यावर कुणालाही कळायचं की हा माणूस सुतार नाही. एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची. त्यांच्या बायकोनं ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं आणि घराला एक रीत लावून दिली. जो रुसेल त्यानं त्या स्टुलावर जाऊन बसायचं. का रुसलास, असं कुणी विचारायचं नाही. ती फक्त वाटाण्याच्या शेंगांचं ताट त्याच्या मांडीवर ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. शेंगा सोलून होईपर्यंत राग बहुतेक विरलेला असायचा, आणि नसला तर ती आणखी शेंगा आणून ओतायची. साहेबांनीसुद्धा त्या स्टुलावर बसून पुष्कळ वाटाणे सोलले होते. पण स्टूल ही मालमत्ता आहे, असं काही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. चमचेसुद्धा वाटणाऱ्या माणसाकडून ते सुटलं, कारण यादी करताना ते त्यावरच बसले होते.

"कशावरून म्हणजे?" मुलगा म्हणाला. "मीच बसायचो त्यावर."

"तू कधीमधी बसायचास. मी रोज बसायचे."

"कारण तू रोज रुसायचीस."

"कारण तू रोज काहीतरी करून ठेवायचास. माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक कुणी मोडलं होतं?"

"ते अजून काढणारेस का?"

"काढणार. आप्पा, उठा जरा, मला ते गाडीत ठेवून येऊ दे."

आप्पा उठले नाहीत. मुलीनं एका बाजूनं स्टुलाचा पाय धरला, मुलानं दुसऱ्या बाजूनं. मेलेला माणूस उठत नाही, हे दोघांनाही मान्य होतं, त्यामुळे दोघंही त्याच्यासकट ओढायला लागली. साहेब एकदा इकडे कलले, एकदा तिकडे. वकीलबाई भराभर पानं उलटत होत्या. त्यांनी सांगितलं की स्टूल कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे ते उरलेल्या मालमत्तेत जातं, आणि उरलेली मालमत्ता दोघांना निम्मी निम्मी.

"म्हणजे दोन पाय हिला आणि दोन मला?"

"आखूड पाय त्याला द्या," मुलगी म्हणाली. "त्याला कामात खोट काढायला आवडतं."

मग जे सुरू झालं त्याला वकिली भाषेत वारशाचा वाद म्हणत असतील, पण ते साधं, घरगुती, कडकडीत भांडण होतं. कर्कटकावरून ते दहावीच्या निकालावर गेलं, तिथून मुलीच्या लग्नात मुलानं उशिरा आणलेल्या फुलांवर, तिथून मुलाच्या नव्या घरी मुलगी एकदाच येऊन गेली यावर. मास्तर व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघत होते. टेंपोवाल्याच्या जोडीदारानं जिन्यातून हाक मारली, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आई गेली त्यानंतर मी इथे आलो होतो," मुलगा एकदम म्हणाला. "आप्पा झोपले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन या स्टुलावर बसलो. बराच वेळ बसलो. कुणी ताट आणून ठेवलं नाही."

मुलीच्या हातातला स्टुलाचा पाय सैल झाला. "मग मला फोन करायचास."

"केला होता. तू म्हणालीस, सगळं ठीक."

"तू आधी म्हणालास ठीक. मग मी काय म्हणणार, दादा?"

मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, असा नियम साहेबांनी केला नव्हता, ते बरं झालं. त्यांच्या मनात आलं, आपण आणि भाऊ असे एकदा भांडलो असतो तर. त्या दारात भावानं ओरडून विचारलं असतं, कपाट तुझं एकट्याचं आहे का म्हणून, तर आपणही ओरडलो असतो, वहिनी मध्ये पडली असती, आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवलो असतो. त्यांना रडू येत होतं आणि बायको गेल्यापासून इतकं बरंही वाटलं नव्हतं.

"पण तरी स्टूल मीच नेणार," मुलीनं नाक पुसून सांगितलं.

"बघू कशी नेतेस."

शिट्टी वाजली ती तेव्हा. जिवंत झाल्यावर साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "अरे, कपाटाची दारं काढा आधी."

दारं काढायला मुलगा आणि मुलगी दोघंही जिन्यात गेली. तिथे स्क्रू कुणी आणि कसे सैल करायचे यावरून त्यांचं पुन्हा जुंपलं. साहेब वरून सूचना करत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. कपाट कुशीवर वळलं, सुटलं आणि खाली गेलं. मास्तर एकदाचे शिकवणीला गेले. टेंपोत कपाट चढवल्यावर टेंपोवाल्यानं विचारलं, आता न्यायचं कुठे. मुलानं बहिणीकडे बघितलं, बहिणीनं भावाकडे. दोघांनाही ते अजून नको होतं.

साहेब खाली उतरून आले होते. त्यांनी कपाटाच्या कडेवरून हात फिरवला आणि आपल्या वहिनीचा पत्ता सांगितला. "म्हणावं, धाकट्यानं पाठवलंय. उशीर झाला म्हणावं."

दुपारी टेंपोवाल्याचा फोन आला. कपाट उतरवून घेतलं होतं. वहिनींनी ते बघितलं, बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग निरोप दिला की त्याला सांगा, याचं हे दार तेव्हाही लागत नव्हतं, आणि जेवायला यायचं सुचतंय का ते विचारा. निरोप सांगताना टेंपोवाला जरा चाचरला. साहेबांनी तो त्याच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतला.

पुढच्या आठवड्यात ते वकीलबाईंकडे सही करायला गेले. वकीलबाईंनी कपाट काढून टाकलं होतं आणि शेवटच्या पानावर एक ओळ मोकळी सोडली होती.

"स्टूल," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नावावर लिहू?"

"कुणाच्याच नको."

"काका, तुम्ही बघितलंत ना? वाद होणार. अगदी नक्की होणार."

"होईल ना?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की वकीलबाईंनी ती ओळ आडवी रेघ मारून बंद केली. भांडणं टाळण्यासाठी त्यांनी पुष्कळ कागद केले होते, एखादं भांडण जपून ठेवण्यासाठी पहिल्यांदाच करत होत्या. साहेबांनी सही केली, मग दोन साक्षीदारांनी केल्या. या वेळी साहेबांनी चाचणीचं विचारलं नाही.

शनिवारी मुलीचा फोन आला. तिनं तब्येत विचारली, औषधं विचारली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्टूल आहे ना जागेवर?"

"आहे," साहेब म्हणाले. "काल तुझा दादा येऊन बसून गेला त्यावर."

"बसून गेला? बरा आला. न्यायचं वगैरे म्हणत नव्हता ना?"

"बघत होता खरा उचलून."

"मी उद्या सकाळीच येते," मुलगी म्हणाली. "येताना वाटाणे आणते."

दादा काल आला नव्हता. गेला महिनाभर तो फक्त त्या सरावाला तेवढा आला होता. साहेबांनी स्टुलाच्या आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडी नीट सरकवली, त्यावर बसले आणि मुलाला फोन लावला.

"अरे, काही नाही, सहज केला," ते म्हणाले. "बारकी उद्या सकाळी येतेय. स्टुलाचं काहीतरी म्हणत होती."